डाव्या हातातला लगाम

आधीच सांगून टाकतो, मी माझ्या बायकोवर जळत होतो. भावकीतल्या कोणावर जळलो असतो, शेजाऱ्यावर जळलो असतो, तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण स्वतःच्या बायकोवर, अन् तेही कशापायी, तर ती घोडीवर माझ्यापेक्षा नीट बसते म्हणून. हे कोणाला सांगावं? म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून होतो.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीपासून सात-आठ किलोमीटर आत. बापू, म्हणजे माझे वडील, तांड्याचे नायक. हिवाळा सरता सरता तांड्यात देवाला भोग लागतो आणि त्या दिवशी पांढरं निशाण निघतं. निशाण घेणारा घोडीवर असतो, बाकी सगळा तांडा त्याच्या मागे पायी. उजव्या हातात निशाणाची काठी, ती कुठेही टेकवायची नाही, सरळ धरायची. लगाम एकट्या डाव्या हातात. या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या देवळापर्यंत चांगला अर्धा तास लागतो. तेवढ्यात निशाण वाकायला नको अन् घोडीचा धक्का कोणाला लागायला नको. हे काम नायकाचं. बापूंनी ते तीस वर्षं केलं आणि मग त्यांचे गुडघे गेले.

बापूंच्या नंतर घोडीवर कोण, याचा अर्थ बापूंच्या नंतर नायक कोण. असं कोणी बोलत नसे, पण समजत सगळ्यांना होतं. मला तर फारच समजत होतं. मी एकुलता एक. माझ्याशिवाय दुसरं कोण बसणार, असं मी धरूनच चाललो होतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. ऐन भरात लाल्या पडायचा, पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल होऊन जायची, अन् जो कापूस घरात यायचा त्याला कोणी विचारत नव्हतं. आदल्या साली निशाण निघालंच नाही. म्हातारी घोडी मेली होती आणि दुसरी आणायचं कोणाच्या मनात नव्हतं. या साली मात्र बापूंनी हट्ट धरला. "पीक आपल्या हातात नाही," ते म्हणाले, "निशाण तं हाये." आम्ही घरात गोरबोली बोलतो, घरातल्यांचं बोलणं मी इथे वऱ्हाडीत सांगतो आहे इतकंच.

घोडी आर्णीहून आली. तिथल्या एका चाचाचा आधी टांगा होता. ऑटो आले, टांगा बसला, मग त्यानं घोडी लग्नाच्या वरातीला लावली. पुढे लग्नंही अशी व्हायला लागली की नवरदेव मोटारसायकलवर येऊन मोकळा. चाचानं घोडी बापूंना दिली, पण एका अटीवर. घोडीवर जो बसेल त्याला बसायचं कसं ते चाचाच शिकवणार. दर आठवड्याला बाजार झाला की तो आमच्या फाट्यावर उतरायचा आणि छत्री टेकत तांड्यावर यायचा. खरं म्हणजे त्याला घोडी सोडवत नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं. "देखो भाऊ, ही वरातीची घोडी हाये. हात वर गेला, लगाम तंग झाला अन् डफडं वाजलं, का ही नाचते. तिला तसंच शिकवलं हाये. हात खाली अन् नरम ठेवला, तं गाय हाये."

मी मान हलवली. त्यात काय शिकायचं, असं मला वाटलं. जन्मभर बैल हाकले होते.

तेच नडलं. बैलाचा कासरा अन् घोडीचा लगाम यांत काय फरक असतो हे माझ्या हाताला शेवटपर्यंत कळलं नाही. बैल थांबवायचा म्हणजे मागे रेलायचं, पाय रोवायचे अन् ओढायचं. मी घोडीवर तसाच बसायचो, बंडीच्या धुरेवर बसल्यासारखा, पाठीला पोक अन् पाय पुढे. घोडीनं एक पाऊल इकडेतिकडे टाकलं की माझे दोन्ही हात छातीशी. चाचा कपाळाला हात लावायचा. "तिच्या तोंडात लोखंड हाये भाऊ, तोंडात. तुमच्या तोंडात टाकून कोणी असं ओढलं तं?"

हाताचं समजावताना तो म्हणायचा, "कापूस वेचते तसं बोट चालव. बोंड तुटलं नाही पाह्यजे, पाला लागला नाही पाह्यजे, फक्त कापूस हातात आला पाह्यजे. तेवढंच खेचायचं." अन् बसण्याचं समजावताना म्हणायचा, "डोक्यावर पाण्याचा हंडा हाये समज. कंबर हलू दे, हंडा हलू द्यायचा नाही. नजर समोर."

आता मला सांगा, आमच्यात कापूस वेचतं कोण अन् हंडा आणतं कोण? मी गाठोडी बांधली, बंडी भरली, बैल जुंपले. वेचायला कधी वाकलो नव्हतो. अन् हंडा तर जन्मात डोक्यावर घेतला नव्हता. चाचा ज्या दोन गोष्टींवरून मला शिकवत होता त्या दोन्ही माझ्या घरातल्या बाईच्या होत्या. चाचाच्या हे ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. ती मात्र हापशीवरून भरलेला हंडा घेऊन अंगणातून जात होती. डोक्यावर हंडा, काखेत पाण्याची गुंडी, पाणी थेंबभर सांडत नाही. चाचाचं बोलणं तिनं ऐकलं अन् पदराआड हसली. ते हसू माझ्या पाठीत घुसलं.

दुसऱ्या दिवशी ती वावरात गेल्यावर मी गोठ्याचं दार लावून घेतलं आणि रिकामा हंडा डोक्यावर ठेवून पाहिला. चार पावलं गेलो. पाचव्याला हंडा गव्हाणीवर पडला अन् त्याला एवढा पोचा आला. संध्याकाळी तिनं विचारलं, "हे कशानं झालं?"

"बोक्यानं पाडला."

"भल्लाच जोरकस बोका हाये," ती म्हणाली आणि पोचा आतून ठोकायला बसली.

तीन आठवड्यांनी माझ्या कमरेत उसण भरली. मी बाजेवर आडवा. चाचा आला तर घोडी खुंट्याला उभ्या उभ्या माजलेली. "हिला फिरवलं नाही तं निशाणाच्या दिवशी आटोपणार नाही," तो बापूंना म्हणाला. "घरातलं कोणीबी बसवा."

बापू कडुनिंबाखाली बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "तिले सांग."

हे नीट सांगायला पाहिजे. आमच्यात सून सासऱ्यासमोर नाकापर्यंत पदर ओढते आणि बोलत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही. घरात पाच हातांवर दोघं असली तरी निरोप मध्ये तिसऱ्यामार्फत जातो. आमच्या घरातला तिसरा मी. माझी याडी, म्हणजे आई, असेपर्यंत ती होती, ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. बापूंना चहा पाहिजे असला तरी मला सांगायचे आणि मी तिला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. बापूंनी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता अन् तिचा आवाज त्यांनी ऐकला असेल तो भिंतीआडून.

मी तिला सांगितलं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं घरात जाऊन माझी जुनी पॅन्ट लुगड्याखाली चढवली, पदर खोचला, त्याचं टोक दातांत धरलं अन् आली. चाचानं रिकीब धरून दिली. ती बसली.

मी बाजेवरून पाहत होतो. देवाशपथ सांगतो, काहीच झालं नाही. घोडी निघाली अन् ती तिच्यावर होती, एवढंच. पाठ सरळ, पण ताठ नाही. खांदे सैल. कंबर घोडीच्या चालीबरोबर हलायची अन् वरचं अंग जागेवर. पदर नाकापर्यंत असल्यामुळे तिला घोडीच्या मानेपलीकडे फारसं दिसतही नसेल. दोन्ही हात खाली, बोटं तेवढी हलत होती, जवळ गेल्याशिवाय दिसणार नाही इतकी. घोडी वळायची जागा आली की वळायची, थांबायची जागा आली की थांबायची. दुडकी चाल धरली तरी तिच्या पदराचं टोक दातांतून सुटलं नाही. माझी पॅन्ट घालून बसली होती आणि त्याच पॅन्टमध्ये मी घोडीवरून दोनदा खाली पडलो होतो.

चाचा बापूंकडे वळून म्हणाला, "नायकसाब, हिला मी काय शिकवू?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला जे शिकून येत नव्हतं ते हिला न शिकता येत होतं. चाचा तीन आठवडे माझ्या डोक्यावर जो हंडा ठेवत होता तो हिच्या डोक्यावर सात वर्षांची असल्यापासून होता.

माझी कंबर बरी झाली. पण चाचा आता दोघांनाही बसवायचा. आधी मी, मग ती. माझं झालं की घोडीचे कान मागे पडलेले असायचे. ती बसली की दहा पावलांत कान पुढे. बापू पाहायचे आणि ती हापशीकडे गेली की मला म्हणायचे, "सांग तिले, हात लय चांगला हाये."

मी सांगायचो नाही. सांगायचो ते असं, "बापू म्हणते, घोडीले दाणा टाक." पुढच्या आठवड्यात, "सांग तिले, माह्या बापाचा हात असा होता." मी तिला म्हटलं, "बापू म्हणते, खोगीर उन्हात ठेवू नको." एवढी मोठी शाबासकी मी मध्येच गिळून टाकली, अन् ती गिळताना मला गोड लागली, हेही सांगतो. ती फक्त "बरं" म्हणायची. एकदा मात्र तिनं विचारलं, "बापू बसण्याचं काही म्हणत नाही काय?"

"नाही," मी म्हटलं. "त्याईले काय दिसते एवढ्या दुरून."

त्या दिवशी तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

निशाणाला चार दिवस राहिले. चाचानं मला उजव्या हातात वेळूची काठी दिली अन् लगाम एकट्या डाव्या हातात. झालं. काठी सांभाळायला गेलो की डावा हात वर जायचा, डावा खाली आणला की काठी वाकायची. घोडी जागच्या जागी पाय आपटायला लागली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी म्हणालो, "काठीच जड हाये."

दुपारी ती वावरात उरलासुरला कापूस वेचायला गेली होती. बापूंनी मला जवळ बोलावलं. बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "लेका, राग नोको धरू. निशाण सरळ राह्यलं पाह्यजे. मांगच्या साली निंघालं नाही, या साली लोक पाहून राह्यले. तू तिच्याजवळ जाय अन् इच्यार, निशाण घेते काय म्हून. लोकाईचं मी पाहून घेतो. बाईनं निशाण धरू नये असं कोणत्या देवानं सांगतलं?"

मी उभाच राहिलो. "अन् मी?"

"तू घोडीच्या बाजूनं चाल. नायकाचा पोरगा तं तूच हाये न."

मी वावरात गेलो. ती पऱ्हाटीच्या तासात वाकलेली होती, कमरेला ओटी बांधलेली. दोन्ही हात दोन बोंडांवर चालू होते. मला पाहून उभी झाली. "काय झालं? बापूले बरं नाही काय?"

"बरं हाये."

"मंग?"

मी तिच्या हातांकडे पाहत होतो. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं ओरबाडलेली होती, तरी ओटीतल्या कापसात पाल्याचा कण नव्हता. तेवढं पाहिलं अन् माझी जीभ फिरली. मी म्हटलं, "पाणी हाये काय प्यायले?"

तिनं बांधावरची गुंडी दाखवली. मी पाणी प्यालो अन् घरी आलो. बापू वाटच पाहत होते.

"नाही म्हणते," मी सांगितलं.

बापूंनी पुन्हा विचारलं, "सोताच म्हणाली?"

"सोताच."

बापूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्यासाठी कधी आलं नव्हतं. माझ्या पडण्याचं त्यांना कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं, जितकं तिच्या नाही म्हणण्याचं वाटलं.

निशाणाच्या दिवशी मी नवा पांढरा सदरा घालून घोडीवर बसलो. चाचा बाजूनं चालायला तयार होता. मी त्याला मागे राहायला सांगितलं. पहिली दहा-बारा घरं बरी गेली. मग डफडं जोरात आलं, बायांनी गाणं धरलं, उजव्या हातातलं निशाण वाऱ्यानं एका अंगाला ओढलं, अन् माझा डावा हात कासऱ्यावर जावा तसा वर गेला. घोडी नाचायला लागली. पुढचे पाय उचलून, मान गोल करून, अगदी नवरदेव घेऊन चालल्यासारखी. मी जितका ओढायचो तितकी ती नाचायची.

आणि तांड्यानं टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं मीच नाचवतो आहे. "नायकाच्या पोरानं घोडी काय तयार केली बापा," असं माझ्या कानांनी ऐकलं. पोट्टे शिट्ट्या मारत होते. देवळापर्यंत ती नाचत आली, निशाण वाकडंतिकडं झालं पण पडलं नाही, अन् मी उतरलो तेव्हा चार जणांनी मला खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी वाहवा मिळाली अन् मी पाहत होतो ती फक्त बायांच्या घोळक्यात एका पदराकडे. तो पदर घोडीकडे निघाला होता.

घरी आलो तर ती अंगणात घोडीचं तोंड धूत होती. ओठांचे दोन्ही कोपरे लोखंडानं चिरले होते, फेसात रक्त होतं. ती हळदीचं तेल बोटानं लावत होती अन् घोडीनं मान तिच्या खांद्यावर टाकली होती. बापू काठी टेकत आले. त्यांनी जखम पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. अन् मग जे चौदा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. ते थेट तिच्याशी बोलले.

"बाई," ते म्हणाले, "मीनं तुले निशाण घ्याले इच्यारलं होतं. तू नाही काहून म्हटलं?"

तिचं बोट थांबलं. पदराखाली तिची हनुवटी माझ्याकडे वळली एवढंच मला दिसलं. वावरातली दुपार, पाणी मागणं, सगळं तिला त्या क्षणी उमगलं असणार. कदाचित आधीचे गिळलेले निरोपसुद्धा. आता ही बोलणार, अन् संपलं.

"भेव वाटलं, बापू," ती म्हणाली.

बापूंनी तिचा आवाज समोरासमोर ऐकला तो हा. "भेव," ते स्वतःशीच म्हणाले, मान हलवली अन् आत गेले.

जेवताना मी तिला विचारलं, खोटं काहून बोललीस. तिनं माझ्या ताटात भाकर ठेवली. "त्याईले एकच पोरगा हाये," ती म्हणाली. माझ्यासाठी नव्हतं ते, बापूंसाठी होतं. मला त्याचाही राग आला. हे असं बोलायला कुठे शिकते ही, कोणत्या हंड्याखाली?

त्यानंतर ती घोडीवर कधी बसली नाही. मी एकदोनदा म्हणून पाहिलं, ती हंडा उचलून हापशीकडे निघून गेली. दरसाल निशाण मीच घेतलं, चाचा घोडीचं तोंड धरून पुढे चालायचा. बापूंनी नायकपणाची पगडी माझ्या डोक्यावर ठेवली.

बापू आणखी नऊ वर्षं जगले. पाहुणे आले की कडुनिंबाखाली घोडीचा विषय काढायचे. "आमच्या सुनेचा हात," म्हणायचे, "असा हात मीनं उभ्या जिंदगीत पाह्यला नाही. पण भेकड निंघाली." ती तिथेच असायची, नाकापर्यंत पदर, हातात चहाचं ताट. पाहुणे हसायचे. आता बोलावं, असं मला दर वेळी वाटायचं. दोन शब्दांचं काम होतं. पण आधी तिच्या हाताची तारीफ व्हायची अन् ती ऐकली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. मागून 'भेकड' आलं की जरा शांत वाटायचं. मग मी बशीत चहा ओतून घ्यायचो.